बायकांचं कुठं आहे?

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका गटात जायला लागले. गटाला नाव नव्हतं. काही मुली, दोन-तीन मुलं, आणि दर शनिवारी आम्हाला आपल्या गच्चीवर बसू देणाऱ्या एक प्राध्यापक बाई. हुंड्याविरुद्ध पत्रकं वाटायची, वस्तीतल्या पोरींना गणित शिकवायचं, क्रांती चौकात फलक धरून उभं राहायचं, अशी आमची कामं. वाळूजला तेव्हा नुकते कारखाने उभे राहत होते. माझा भाऊ तिथं लागला होता आणि घरात सगळं बोलणं त्याच्या पाळ्यांभोवती फिरायचं. मी कुठं जाते याकडं कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. वडिलांना वाटायचं, अभ्यास मंडळ आहे.

वडील एका कचेरीत कारकून. आमच्या घरात आवाज चढवून बोलायची रीत नव्हती आणि काही शब्द तर हळू आवाजातही उच्चारायची नव्हती. लहानपणी शाळेत करंगळी वर करायची, घरी ‘जाऊन येते’ म्हणायचं. मोठं झाल्यावर तेवढंही म्हणायचं नाही, गुपचूप उठायचं.

गटात माझी एक मैत्रीण होती, गंगापूरकडची. घरची बागायती शेती, चार भावांत एकटी बहीण, हॉस्टेलला राहायची. तिला कशाचीच लाज वाटत नसे, निदान आम्हाला तसं वाटायचं. शहागंजच्या बाजारात एक बागवान बाई मेथी-कोथिंबीर विकायच्या. आम्ही त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. एकदा त्या तापानं फणफणलेल्या दिसल्या, म्हणून मैत्रिणीनं विचारपूस केली. खाला म्हणाल्या, डॉक्टरनं भरपूर पाणी प्यायला सांगितलंय.

“मग पीत जा की.”

“पी को जाना कहाँ, बेटी? मरदां का क्या, दिवार मिली के हो गया. हमना घर जाए तक बैठना पडता.”

फजरच्या, पहाटेच्या नमाजानंतर घर सोडायचं आणि दिवेलागणीला परतायचं. मधल्या वेळात तोंड ओलं करण्यापुरतं पाणी. खालाच नव्हे, त्या रांगेतल्या सगळ्याच बायका असं करत होत्या. मैत्रीण शनिवारी गच्चीवर आली ती हे घेऊनच. “आपण हुंड्यावर बोलतोय, ठीक हाय. पण ह्या बायकांला मुतायला जागा नाय. हे आधी करू.”

ती ‘मुतायला’ म्हणाली आणि गच्चीवर कुणीच वर बघेना. मुलं तर कठड्याकडं तोंड करून बसली.

मग आम्ही बाजारात फिरलो. बायका आधी हसल्या, पदर तोंडात धरून एकमेकींना ढोसत. एकीनं आम्हाला हाकलून दिलं. पण एकदा कुणीतरी बोलायला लागली की बाकीच्या सरकून जवळ यायच्या. एक जण तर म्हणाली, सातव्या महिन्यापर्यंत ती अशीच बसत होती. मी हे सगळं ऐकत होते, मान हलवत होते आणि मनातल्या मनात देवाला विनवत होते की आपल्या ओळखीचं कुणी भाजीला येऊ नये.

निवेदन लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझं मराठी शुद्ध समजलं जायचं. ‘मुतारी’ लिहू की ‘स्वच्छतागृह’, यावर बराच खल झाला. शेवटी एका मुलानं सुचवलं, ‘महिलांसाठी आवश्यक सुविधा’ लिहू, समजणाऱ्याला समजेल. मैत्रीण चिडली. मला मात्र हायसं वाटलं, आणि मी तेच सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. ते बाजाराच्या कचेरीतल्या साहेबांसमोर वाचायचंही मीच.

बाजार ज्या कचेरीच्या ताब्यात होता, तिथंच माझे वडील काम करत. त्यांचं टेबल लांब व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत होतं. आम्ही येणार हे मी त्यांना सांगितलं नाही. वाटलं, दहा मिनिटांचं काम, साहेबांच्या खोलीत जाऊ आणि बाहेर पडू.

त्या दिवशी आधी बाजारात गेलो. आपल्यासाठी पोरी साहेबाकडं चालल्यात म्हणून बायकांना कोण कौतुक. एकीनं उसाचा रस पाजला. खालांनी चहा मागवला. नको म्हणणं बरं दिसेना, म्हणून मी दोन्ही घेतलं. त्यांनी स्वतः काही घेतलं नाही, हे मला नंतर आठवलं.

कचेरीत गेलो तर साहेब बैठकीत. व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. शिपाई भला माणूस होता, त्यानं आम्हाला पाणी दिलं, मग चहा. ऊन खांबावरून सरकत बाकावर आलं तरी बैठक चाललेलीच. मला लागली होती. आधी थोडी, मग फार. मी पाय आवळून बसले, पायांची अढी बदलली, भिंतीवरचा नकाशा बघत राहिले. शेवटी मैत्रिणीच्या कानात सांगितलं. तिनं सगळ्यांच्या देखत शिपायाला विचारलं, “मामा, बायकांचं कुठं आहे?”

शिपाई गोंधळला. “बायकांचं नाय ना इथं. गडीमाणसांचं हाय मागं. पण तिथं लई वर्दळ ऱ्हाती, पोरी.”

व्हरांड्यातल्या चार माणसांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, “काही नाही, राहू द्या.” घरी जाऊन यायला वेळ लागला असता आणि साहेब कोणत्याही क्षणी बोलावतील, असं सगळे म्हणत होते. वडिलांच्या खोलीत जाऊन काय सांगायचं, तेही मला कळत नव्हतं.

मग एकदम आतली घंटा वाजली, शिपाई म्हणाला, “चला, बोलावलंय.” सगळे उठले. मी उठले, आणि उठल्यावर माझं माझ्या हातात राहिलं नाही.

मी सुती साडी नेसले होते, फिकट निळी. निवेदन वाचायचं म्हणून आईची मुद्दाम मागून घेतली होती. आधी पायांना ऊब लागली. मग फरशीवर पाणी पसरलं आणि उतारावरून भिंतीकडं वाहायला लागलं. मी निवेदनाचा कागद छातीशी धरून उभी होते. हलावं की नाही, कळेना. हलले असते तर सगळ्यांना दिसलं असतं, आणि सगळे बघतच होते. कुणीतरी हसलं. कुणीतरी त्याला ‘शूऽऽ’ केलं. ते शूऽऽ मला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

त्याच वेळी व्हरांड्याच्या टोकाची खोली उघडली आणि वडील फायली घेऊन बाहेर आले. त्यांनी मला पाहिलं. खालची फरशी पाहिली. एक पाऊल पुढं टाकलं असावं, मला नक्की सांगता येणार नाही. मग ते वळले, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

मला बरं वाटलं, हे सांगायला हवं. ते माझ्याकडं आले असते तर मी तिथंच मेले असते.

मैत्रीण सरळ साहेबांच्या खोलीत शिरली. दार उघडंच राहिलं, त्यामुळं तिचा शब्द न शब्द मला ऐकू येत होता.

“काय निवेदन आहे तुमचं? कुठली सुविधा म्हणालात?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, बाहेर चला. आमचं निवेदन बाहेर फरशीवर पडलंय.”

साहेब खरंच बाहेर आले. मध्यमवयीन गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांच्या मागून बैठकीतली माणसं. ते खाली बघत राहिले, मग माझ्याकडं, मग पुन्हा खाली. मैत्रीण बोलत होती. तुमच्या कचेरीत एका पोरीची ही गत, तर बाजारात दिवसभर बसणाऱ्या बायकांनी काय करायचं, असं काहीतरी. तिचा आवाज चढला होता. सगळे ऐकत होते. मी तिच्या बोलण्याच्या मध्यभागी उभी होते आणि माझ्या पायांवरून अजून थेंब पडत होते.

शेवटी कचेरीतल्या एक टायपिस्ट बाई आल्या. त्यांनी आपली शाल माझ्या कमरेभोवती गुंडाळली आणि मला मागच्या दारानं बाहेर काढलं. मागच्या गल्लीत एक घर होतं. कचेरीतल्या दोघी टायपिस्ट रोज तिथं जायच्या, घरवाल्या बाईंशी त्यांचं तसं ठरलेलं होतं.

“अगं, मला विचारायचंस ना,” त्या म्हणाल्या. “आम्ही कुणाला सांगत नाही, पण तुला सांगितलं असतं.”

त्या घरच्या बाईंनी मला परकर आणि जुनं लुगडं दिलं. मी न्हाणीघरात बसून रडले. रडताना आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला.

संध्याकाळी वडील घरी आले, पाय धुतले आणि जेवायला नको म्हणाले. आईला मी साडी चिखलात भरली असं सांगितलं होतं. तिनं ताट झाकून ठेवलं. बऱ्याच वेळानं वडील माझ्या खोलीच्या दारात आले, आत आले नाहीत.

“मी आत गेलो,” ते म्हणाले. “मला काही सुचलं नाही.”

“असू द्या, बाबा.”

“त्या दोघी बायका इतकी वर्षं माझ्या समोर टाइप करतात. त्या कुठं जातात, हे माझ्या कधी मनातसुद्धा आलं नाही.”

एवढं बोलून ते गेले. त्यानंतर आम्ही दोघं या विषयावर कधी बोललो नाही. पण कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलताना माझ्या खांद्यावरून मागं बघत बोलायचे, आणि मला वाटायचं की ह्यांना अजून तेच दिसतंय.

साहेबांनी त्याच दिवशी मंजुरीचा शेरा मारला. गोष्ट शहरात पसरली. नाव कुणी घेतलं नाही, पण कॉलेजात मी आले की मुली बोलायच्या थांबायच्या. मी गटात जाणं सोडलं. मैत्रीण दोनदा घरी आली, मी आईकरवी ‘झोपलीय’ म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा ती कॉलेजच्या फाटकाशीच अडवून उभी राहिली.

“मी तुझं नाव नाय घेतलं.”

“नाव कशाला लागतं? मी तिथंच उभी होते.”

ती म्हणाली, “झालं ते झालंच होतं. ते वाया जाऊ द्यायचं नव्हतं मला.”

“ते तुझं नव्हतं.”

“व्हय. नव्हतं.” तिचे डोळे भरून आले. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. “पण मग मी काय करायला पाहिजे होतं, सांग की.”

याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. तिनं आधी मला झाकायला हवं होतं आणि मग आत जायला हवं होतं, असं कधी वाटतं. तसं केलं असतं तर साहेब बाहेर आले नसते, हेही तितकंच कळतं. पुढं एका सभेत ती बोलत असताना मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. ‘आमची एक मैत्रीण’ म्हणून तिनं ती हकीकत सुरू केली, मला पाहिलं आणि मधेच थांबून वस्तीतल्या नळांबद्दल बोलायला लागली. माझ्या माहितीप्रमाणं तिनं ती गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही. आमचं जाणं-येणं पुन्हा सुरू झालं, पण पूर्वीसारखं नाही. ती समोर आली की मला तो व्हरांडा आठवायचा, तिलाही आठवत असणार.

बाजारात बायकांसाठी दोन खोल्यांची मुतारी झाली. आतून कडी, कोपऱ्यात पाण्याची टाकी. मी शहागंजचा रस्ताच टाळत होते. आईबरोबर एकदा जावं लागलं, तर खालांनी लांबूनच हाक मारली. पाट सोडून उठल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, “चल, देख तो सही. तेरेइच वजे से हुआ.” आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, आणि मला ते सहन होईना. त्यांना माझ्याबद्दल काय ठाऊक होतं? व्हरांड्यातली ती एक घटका, बाकी काही नाही. आई विचारत होती, “कसली वजह? काय झालं?”

मी आत गेले, कडी लावली. जागा स्वच्छ होती, उंचावरच्या जाळीतून उजेड येत होता. बाहेर खाला उभ्या होत्या, म्हणून थोडा वेळ तशीच उभी राहिले. मला काही झालं नाही. टाकीतलं पाणी ओतलं, उगाच, त्यांना ऐकू जावं म्हणून.

“अच्छा है ना?” खालांनी विचारलं.

“अच्छा है,” मी म्हणाले.

त्यांनी आईच्या पिशवीत मेथीच्या जुड्या कोंबल्या आणि पैसे घ्यायला तयार होईनात. घरी जाताना आईनं पुन्हा विचारलं आणि तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, रस्त्यावरच, शक्य तितक्या थोड्या शब्दांत. ती चालत राहिली. साडीचं काय, ते तिला आत्ता कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, “माझ्या वेळी सुद्धा कुठंच नव्हतं गं,” आणि मग तिचा चेहरा लाल झाला. आम्ही दोघी खाली मान घालून घरी आलो.