बसून हात जोडा

आमच्या आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांनी मळ्यातून हाक मारली की काठावरचे बगळे उडतात. संक्रांतीनंतर एकदा मी कोवळी वांगी तोडली म्हणून त्यांनी बांधावरून, रोजाच्या बायकांसमोर, माझा पार उद्धार केला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझा राग मुळातच नाकावर. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. स्वयंपाकघर एकच, पण मीठ हवं असलं तरी मी भिंतीला सांगायची.

आमचा मळा उजनी धरणाच्या काठाला. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. पलीकडच्या तालुक्यातून येणारी लाँच त्याच्या शेजारून जाते. देऊळ आलं की लाँचमधली सगळी माणसं उठून त्या अंगाला जातात आणि हात जोडतात. लाँचवालाही इंजिन हळू करतो. मीही कितीदा तशीच उठले आहे. त्यात काही चुकतं, असं कधी कुणाच्या मनात आलं नाही.

त्या दुपारी आक्का माहेरचं बारसं उरकून त्याच लाँचनं परत येत होत्या. मी आणि आमचे हे काठावर होडी सोडत होतो. आमची पाण्याची मोटर देवळाच्या अलीकडं एका तराफ्यावर असते; तो वाहून जाऊ नये म्हणून खाली दगडांच्या गोण्या सोडलेल्या. तिथवर जायचं होतं. तेवढ्यात वारा सुटला. बघता बघता पाणी काळं पडलं. लाँच देवळाशी आली, माणसं सवयीनं उठून एका अंगाला गेली, आणि त्याच वेळी लाट बसली. लाँच कलली, आत पाणी आलं, इंजिन बंद पडलं. भ्यालेली माणसं दुसऱ्या अंगाला पळाली, तर लाँच तिकडं कलली.

मी आधी पळाले ती काठावरच्या मोटरीच्या पेटीकडं. आमची जागोजाग जोड दिलेली केबल पाण्यातूनच जाते. माणसं पडली असती तर बुडायच्या आधी विजेनं गेली असती. स्टार्टर बंद केला, फ्यूज काढून कमरेला खोचले. तोवर ह्यांनी मच्छीमारांना फोन केला होता. पण त्यांच्या इंजिनाच्या होड्या लांब होत्या.

तराफा ओढायचा मोठा दोर आम्ही होडीत घेतला, वल्ही मारत तराफ्याशी गेलो, एक टोक त्याला बांधलं आणि दुसरं घेऊन लाँचकडं निघालो.

"लय जवळ न्यायची न्हाय," हे म्हणाले. "भ्यालेली माणसं आपल्या होडीत उड्या टाकत्यात. मग दोनी बुडत्याल."

लांबूनच दोर फेकून लाँचचं तोंड वाऱ्याकडं धरायचं, म्हणजे लाटा आडव्या बसणार नाहीत, एवढंच आमच्या हातात होतं. पण माणसं इकडून तिकडं पळत होती, दोर झेलायला लाँचवाल्याला पुढं यायला वाटच नव्हती. "खाली बसा!" मी ओरडले. माझा आवाज वाऱ्यानं कुठल्या कुठं नेला.

तेवढ्यात मला आक्कांचं हिरवं लुगडं दिसलं. कठडा धरून उभ्या होत्या, तोंड गच्च मिटलेलं. ते तोंड मिटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. कसलं भांडण आणि कसलं काय!

"आक्का! अवो आक्का! समद्यांना खाली बसवा!"

त्यांना शब्द ऐकू गेले नसावेत. मी दोन्ही हातांनी खाली दाबून दाखवलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मग तो आवाज सुटला.

"खाली बसा! देव काय उभ्यानंच पावतो व्हय? बसून हात जोडा! ओ आबा, तुमाला येगळं सांगू का? बसा!"

माणसं बसली. खरोखर, शाळेतल्या पोरांसारखी मांडी घालून बसली. लाँचवाल्यानं दोर झेलला आणि बांधला. लाँचचं तोंड वाऱ्याकडं वळलं, हेलकावे कमी झाले. आक्का ओरडत राहिल्या, माणसं डब्यांनी पाणी उपसत राहिली. मच्छीमार येईपर्यंत एकही जण उठला नाही. सगळे काठाला लागले.

उतरल्यावर आक्कांनी माझं मनगट धरलं. काही बोलायला गेल्या, तर घशातून नुसता वारा आला. आवाज पार बसला होता.

मग घरात शांतता आली. मीच बोलायची, त्या मान हलवायच्या. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं. इतके दिवस मला हवी होती तीच शांतता, पण आता ती मला खायला उठायची. हा आवाज परत आलाच नाही तर, या विचारानं मी एकदा गोठ्यात जाऊन रडलेसुद्धा.

एका सकाळी मी बायकांबरोबर वांगी तोडत होते. बांधावरून हाक आली, जरा फाटलेली, पण बगळे उडाले.

"अगं ए, कवळी तोडू नगं! कितींदा सांगायचं तुला?"

बायका हसल्या. माझे डोळे भरून आले. हातातलं वांगं चांगलं जून होतं, तरी मी शिवारभर ऐकू जाईल असं ओरडले, "व्हय, आक्का!"