सहा दिवसांची चूक

आमच्या समुपदेशन केंद्रात मानसिक चाचण्या घेणाऱ्या बाईंना आम्ही पाठीमागे 'घड्याळबाई' म्हणायचो. हातात स्टॉपवॉच, चेहरा कोरा. मुलाने उत्तर बरोबर दिलं तरी मान हलणार नाही, चुकलं तरी भुवई वर जाणार नाही. "माझी मान हलली की त्याला उत्तर कळतं. मग मी त्याला कुठे तपासलं?" असं त्या म्हणायच्या. सूचनासुद्धा पुस्तकात छापल्या असतील तशाच, शब्दाला शब्द. सतरा वर्षं मी त्यांचे अहवाल टाईप केले. एक स्वल्पविराम चुकला तरी पान परत यायचं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अशा बाईंच्या हातून चूक झाली, हे सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं.

एका दुपारी जुन्या फायली लावताना त्यांनी एक फाईल उघडली आणि बोटांवर काहीतरी मोजू लागल्या. लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या एका बाईच्या मुलीची बुद्धिमापन चाचणी. तिचं वय होतं आठ वर्षं, अकरा महिने आणि चोवीस दिवस. बाईंनी ते सरळ नऊ धरलं होतं. वयाप्रमाणे तक्ता बदलतो, त्यामुळे पोरीची तुलना तिच्याहून मोठ्या मुलांशी झाली. नऊच्या तक्त्यात तिला अडुसष्ट मिळाले. आठच्या तक्त्यात त्र्याहत्तर मिळाले असते. शाळेचा नियम होता, सत्तरच्या खाली असेल त्याने मागच्या इमारतीतल्या 'वेगळ्या वर्गात' बसायचं. पोर तीन महिने तिथे बसत होती.

बाई तडक संचालकांच्या खोलीत गेल्या आणि शाळेला चूक लेखी कळवायची म्हणाल्या. मीही मागोमाग गेले.

"केंद्राची अब्रू जाईल, बाई. अहवाल गेला तो गेला," संचालक म्हणाले. "आणि पाच गुणांनी असं काय आभाळ कोसळतं?"

"तेच म्हणते मी, सर. पाच गुणांनी आभाळ कोसळत नाही, तर पाच गुणांसाठी पोर वर्गाबाहेर कशी जाते? तीच चाचणी उद्या घेतली तर आकडा चार-पाचने इकडे-तिकडे होतोच."

"ते आपण अहवालात लिहितो."

"शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. वाचतं कोण?"

ती बारीक अक्षरं माझीच. मी मान खाली घातली.

"लेखी माफी द्यायची नाही. हा हुकूम आहे," संचालक म्हणाले.

"मग नोकरीचं काय ते तुम्ही बघा," बाई म्हणाल्या आणि मला नवा अहवाल टाईप करायला बसवलं. पहिल्याच ओळीत 'चूक माझी आहे' असं होतं. खाली त्यांची सही. केंद्राचा शिक्का संचालकांनी कपाटात ठेवून कुलूप घातलं होतं, तेव्हा शिक्क्याविनाच मुलीच्या शाळेत निघालो.

मुख्याध्यापकांनी अहवाल वाचला आणि चष्मा पुसत बसले. "आता वर्ष संपू द्या. मध्येच मुलं हलवली की गोंधळ होतो."

"हलवताना झाला नव्हता का?" बाईंनी विचारलं.

त्यांनी अहवाल टेबलाच्या कडेला सारला. बाई बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. संचालकांचा फोन तीनदा वाजला, बाईंनी उचलला नाही. निरोप मिळाल्यावर लॉन्ड्रीतून आई आली, हाताला अजून इस्त्रीची ऊब. बाईंनी तिला सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "तीन महिने पोर घरी पुस्तक उघडत नाही, मॅडम. म्हणते, मला कुठे काय येतं. हे कुठल्या तक्त्यात बघायचं?"

"कुठल्याच नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर इथून हलत नाही."

मग आईही बाकावर बसली, मीही बसले. ये-जा करणारे शिक्षक बघू लागले, तशी मधल्या सुट्टीनंतर मुख्याध्यापकांनी हजेरीवही मागवून मुलीचं नाव पुन्हा जुन्या वर्गात लिहिलं आणि सही केली. मुलीला दप्तरासकट बोलावलं.

बाई तिच्यासमोर खाली बसल्या. "तुझं वय मी चुकीचं मोजलं. चूक माझी होती, तुझी नाही. तुला पुष्कळ येतं."

पोरीने त्यांच्याकडे नीट बघितलं. रडली नाही, हसलीही नाही.

"मला येतं, असं मी त्या वर्गात पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगत होते," ती म्हणाली. "मग मलाच खोटं वाटायला लागलं."