तेजूताईसाठी पिकनच्या वड्या

हे मी सांगायचं नव्हतं. काकूनं बजावलंय आणि तेजूताईनंही, वेगवेगळं. पण आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरात रोज एक गोंधळ होतो, आणि मी फार बोलत नाही म्हणून सगळे माझ्यापाशीच साठतात.

तेजूताई काकूची मुलगी, तीन वर्षं अमेरिकेत. उन्हाळ्याच्या तोंडी तिनं कुणाबरोबर तरी पिकन नावाच्या तिकडच्या सुक्या मेव्याचं पाकीट आणि त्याच्या वड्यांची कृती पाठवली. "मे महिन्यात येतेय. तुझ्या हातच्या खाईन." तीन वर्षांत लेकीनं पहिल्यांदा काही मागितलं होतं! काकूनं पाकीट देव्हाऱ्यात ठेवलं.

आजोबांनी गावाकडं जन्मभर मेंढरं राखली. त्यांनी एक पिकन उन्हात धरून बघितला. "अक्रोडच हाय. दुष्काळात वाळून लांबलाय!"

*

कृतीत ओव्हन साडेतीनशेवर. आमचा काटा अडीचशेला संपतो. काका चितेगावच्या कारखान्यात भट्टीवर आहेत. म्हणाले, "दे इकडं, आमच्या भट्टीत भाजून आणतो!"

काकूनं काटा अडीचशेवर ठेवला आणि वेळ वाढवला. धूर बघून शेजारीण बादली घेऊन धावत आली. दारात थबकली. "विझलं असंल तर पाणी परत नेऊ का?"

मग फोनवर कळलं, तिकडच्या डिग्र्या वेगळ्या असतात; तिकडचे साडेतीनशे म्हणजे आपले पावणेदोनशे. अर्धे पिकन गेले.

*

नळाला आठव्या दिवशी पाणी. चिकटलेला ट्रे धुवायचा कशानं? आजोबा राख आणि काथ्या घेऊन दुपारभर बसले. ट्रे नवाकोरा, काळा, नॉनस्टिक. संध्याकाळी आरशासारखा!

"लई वर्षांचं काळं हुतं सूनबाई. आत्ता निघालं."

काकू हसली की रडली, मला कळलं नाही.

*

ताई यायच्या दिवशी उरलेले पिकन देव्हाऱ्यातून गायब!

"टँकरवाल्याला दिले," आजोबा म्हणाले. "चहासंगं काय तरी द्याया नको व्हय? आपल्या गल्लीत पहिला टँकर उगंच येत नाय!"

काका औरंगपुऱ्यातली सगळी दुकानं फिरून आले. एका दुकानदारानं विचारलं म्हणे, "ये कौनसी बीमारी की दवा है?"

काकू मटकन खाली बसली. मग उठली आणि शेंगदाणे भाजायला घेतले. "सई, तेजूला सांगशील तर बघ!"

*

ताईनं पहिला घास घेतला, डोळे मिटले. "आई, अगदी तिकडच्यासारखी!" काकूचा पदर डोळ्यांना.

आज सकाळी स्वयंपाकघरात ताई एकटीच वडी उलटून बघत होती.

"सई, शेंगदाणे ना?"

मी वड्यांचा डबा झाकायला घेतला.

"आईला बोलू नको. मला पिकन आवडतच नाहीत गं."

मला काही कळेना. "मग पाठवले कशाला?"

"तीन वर्षं आई फोनवर एवढंच सांगायची. नळ आला, नळ आला नाही. पाकीट मिळालं त्या दिवशी तासभर बोलली. पाण्याचं नाव नाही."

आणि तिनं ती शेंगदाण्याची वडी अख्खी संपवली. मी विचारलं, आता परत गेल्यावर काय पाठवशील? तर ताई म्हणाली, की

"सई! अगं सई! नळ आला, हंडे घे लवकर!" काकू ओरडतेय, मला आता