धुतलेली लाकडं

माझ्या मुलीचा, नीरजाचा, लाकडांचा धंदा आहे. काशीत हे वाक्य नुसतं उच्चारलं की ऐकणाऱ्याची नजर आपोआप मणिकर्णिकेच्या स्मशानाकडे जाते. पुण्याहून एक स्थळ आलं होतं, त्या बाईंना काशी माहीत नव्हती. त्यांनी फोनवर कौतुकाने विचारलं, "अय्या, फर्निचरचा का?"

"नाही," मी म्हटलं, "जळाऊ."

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. नीरजाला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "बरं झालं आई. फर्निचर मागितलं असतं तर कुठून दिलं असतं?"

तिने वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं, मग एका संस्थेसाठी गावोगाव फिरून शेतकऱ्यांच्या झाडांची पाहणी करायची नोकरी धरली. त्या फिरण्यात तिला वरुणा नदीच्या पलीकडे, तिच्या गंगेशी होणाऱ्या संगमापासून थोड्या अंतरावर, मोहन भेटला. मोहन पन्नाशीचा. थोडी भाजी पिकवायचा आणि आसपासच्या बागांतली झाडं छाटून द्यायचा. छाटलेल्या आंब्याच्या फांद्या त्याच्या बांधावर ढीग घालून पडलेल्या असत, पावसात भिजून बुरशी धरत. नीरजाने विचारलं, हे विकत का नाहीस? तो म्हणाला, "बिटिया, गीली लकड़ी कौन लेगा? और सूखने तक कौन रुकेगा?"

मी थांबेन, असं ती म्हणाली. एवढ्यावर तिने नोकरी सोडली.

मोहनच्या बांधालगतचा पडीक तुकडा तिने भाड्याने घेतला. वठलेली, परवाना मिळालेली झाडं आणि छाटणीचा माल, एवढंच ती घेते. तोड माघात करायची, झाडात रस कमी असतो तेव्हा. ओंडके ताजे असतानाच फोडायचे, कारण ओलं लाकूड सरळ चिरलं जातं. मग विटांवर बांबू टाकून त्यावर रास रचायची, जमिनीला टेकू द्यायची नाही, साल वरच्या बाजूला, आणि दोन ओळींमध्ये हात जाईल एवढी फट. वैशाखातली लू, म्हणजे भाजणारा वारा, त्या फटींतून वाहते तेव्हा आतल्या आत लाकूड तडकतं, ते मी ऐकलं आहे. पावसाळ्यात वरून पत्रा, बाजू मात्र उघड्या. ताडपत्री गुंडाळली की लाकूड घामेजतं, असं ती म्हणते. दोन तुकडे एकमेकांवर आपटून दाखवते. वाळलेले टणटणतात, ओले धप्प करतात.

बाकीचे व्यापारी वजनावर विकतात. ओल्या लाकडाला वजन जास्त, त्यामुळे वाळवायची घाई कुणालाच नसते. नीरजा गठ्ठ्यावर विकते. बाटी-चोखावाले, हलवाई आणि आपल्या मराठी घरांतले होम, ही तिची गिऱ्हाइकं. त्यांना ती एकच गोष्ट सांगते: माझं लाकूड वाळलेलं असतं. तिच्याकडे दुसरं भांडवल नाही.

मला काळजी वाटते, ती लपवत नाही. राशीत साप शिरतात. एकदा करवतीने तिच्या अंगठ्याचं टोक गेलं, तेव्हा ती पट्टी बांधून त्याच हाताने माझ्यासाठी चहा करत होती आणि मी रडत होते. शिवाय लग्नाचं आहेच. पण गेल्या आश्विनातली काळजी वेगळी होती, आणि ती सांगायलाच हवी.

दुर्गाघाटावर आमच्या गल्लीत प्रभावतीकाकू राहतात. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या, गल्लीतल्या सगळ्या मराठी बायका त्यांचा शब्द मानतात. नवरात्रात त्यांच्याकडे नवचंडीचा होम असतो, पौरोहित्य यज्ञेश्वर गुरुजींचं. पावसाळा नुकताच सरलेला, कोरडं लाकूड मिळणं अवघड, म्हणून गुरुजींनी या वेळी नीरजाला सांगितलं. या घरचा होम नीट पेटला की हिवाळ्यातल्या सगळ्या उद्यापनांची, वास्तुशांतींची लाकडं तिच्याकडून जाणार होती, आणि नाही पेटला तर तिचं नाव घेऊन लोक पुढे हसणार होते.

एरवी तिचा माल छोट्या गाडीने मैदागिनच्या नाक्यापर्यंत येतो आणि तिथून गल्लीत हातठेल्यावर. पण सणाच्या गर्दीमुळे त्या दिवशी गाड्या आधीच अडवल्या होत्या. नीरजाने संगमाजवळून एक नाव धरली. नाववाला दुसऱ्या एका व्यापाऱ्याची लाकडं मणिकर्णिकेला नेत होता. पुढच्या भागात हिचे गठ्ठे घेतले, मागे त्याची मोठी रास. दुर्गाघाटावर नाव थांबली, नीरजाने आपले गठ्ठे उतरवले, पुराचा गाळ अजून पायऱ्यांवर होता त्यातून वर चढवले, आणि नाव पुढे निघून गेली. घाटावर तेव्हा प्रभावतीकाकू गंगाजल भरायला आल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. कळशी भरून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी होम. मी स्वयंपाकघरात पुरणाला होते. चौकातून मंत्र ऐकू येत होते, मग खोकला ऐकू येऊ लागला. बाहेर आले तर चौकभर धूर. कुंडातून पिवळट, जाड धूर उठत होता, लाकडांच्या टोकांना फेस येत होता. गुरुजींनी तुपाची धार धरली की क्षणभर ज्वाळा उठायची आणि बसायची. बायका पदर तोंडाला लावून भिंतीशी सरकल्या होत्या.

"शरदिनी," प्रभावतीकाकू मला म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "तुझ्या मुलीने ओली लाकडं दिली गं."

"एम.एस्सी. झालेली आहे म्हणे," मागून कुणीतरी म्हणालं. "लाकूड कुठून समजणार?"

मी नीरजाला फोन केला. ती जवळच्याच बाजारात कुणा हलवायाकडे माल देत होती, लगेच आली. जीन्सवर भुसा, केसांत भुसा. दारातच काकूंनी अडवलं.

"अगं पारोशी आत कुठे येतेस? होम चाललाय."

"चाललाय कुठे काकू? विझतोय," नीरजा म्हणाली आणि चपला काढून आत आली.

मी तिचा हात धरला. हळूच म्हटलं, "बाळा, माफी माग आणि दुसरी आणून देते म्हण. वाद नको."

"कशाबद्दल माफी, आई?"

"मोठे आहेत ते."

"लाकूड बघू दे आधी."

तिने ढिगातला मनगटाएवढा तुकडा उचलला, हातात तोलला. टोकाच्या भेगेत नख घातलं आणि काढलं. नखात राखाडी, मऊ गाळ होता. तिने तो अंगठ्यावर चोळला, वास घेतला. मग गुरुजींसमोर हात धरला.

"गुरुजी, ही गंगेची माती आहे. पुराची. माझी रास विटांवर असते, तिथे ही कशी येईल?"

"घाटावरून आणताना लागली असेल," काकू म्हणाल्या.

"सालीला लागली असती. भेगेच्या आत कशी शिरली? आई, नारळाचा कोयता दे."

मी जागची हलले नाही. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, मी कुणाची हे ठरवायला थांबल्यासारख्या.  मग मी आत गेले, कोयता आणला आणि तिच्या हातात दिला.

तिने तो तुकडा चौकातल्या दगडावर उभा धरला आणि एका घावात चिरला. बाहेरचा पापुद्रा काळपट, ओला. आत मात्र गव्हाळ, कोरडं, तडकलेलं लाकूड. दोन्ही फाकांच्या आतल्या बाजू तिने एकमेकींवर आपटल्या. टण्ण आवाज आला. दुसरा तुकडा चिरला, तिसरा चिरला. सगळे तसेच.

"ओलं लाकूड आतून ओलं असतं," ती म्हणाली. "हे कुणीतरी बुडवलंय."

गुरुजींनी प्रभावतीकाकूंकडे पाहिलं. काकूंनी मान वर केली.

"बुडवली. मीच. संध्याकाळी घंगाळात गंगाजल घालून ठेवली, सकाळी काढली. मग काय करायचं होतं? मसणातल्या लाकडांबरोबर एका नावेतून आलेली लाकडं देवीच्या कुंडात घालू? मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मग मला विचारायचं होतं," नीरजा म्हणाली. "आणि धुतलीत तर धुतलीत, पण मघापासून माझ्या आईला सगळ्यांसमोर बोलताय, तेव्हा का नाही सांगितलंत?"

 मला अजूनही वाटत होतं, हिने एवढंच सांगावं की मागची रास आपली नव्हती, दुसऱ्याची होती. खरंच होतं ते. मी तिला खुणावलं. तिने बघितलं आणि नकारार्थी मान हलवली.

"नाव तीच होती, गुरुजी," ती म्हणाली. "रस्ता बंद होता. पुन्हा बंद असला तर पुन्हा त्याच नावेने आणेन. आणि मणिकर्णिकेवरून कुणी वाळलेलं लाकूड मागितलं तर तिकडेही देईन. तिथली माणसं पण आपलीच असतात. आजोबांना नेलं तेव्हा ओली लाकडं होती, आई तीन तास उभी होती धुरात. नको असेल तर आत्ता सांगा."

माझे सासरे गेले तेव्हा ती नववीत होती. ही गोष्ट तिने कधी बोलून दाखवली नव्हती. मला वाटलं होतं तिला आठवतही नसेल.

गुरुजींनी खाकरून घसा साफ केला. "नीरजा, पुढल्या वेळी जमलं तर रस्त्याने..."

"जमलं तर रस्त्यानेच, गुरुजी. नाही जमलं तर?"

कुंडातला निखारा लाल व्हायचा, पुन्हा काळा पडायचा.  गुरुजींनी हात पुढे केला. "आधी ते आतलं लाकूड इकडे दे. अग्नी विझायला नको."

नीरजा चौकाच्या कडेला उकिडवी बसून चिरत राहिली. ओला पापुद्रा एका बाजूला, कोरडा गाभा दुसऱ्या बाजूला. मी गाभे उचलून गुरुजींकडे देत होते. पारोशी, सोवळं, कुणी काही बोललं नाही, कारण थोड्याच वेळात कुंडातून सरळ, निर्धूर ज्वाळा उठली आणि सगळ्यांना तिच्याकडे बघता आलं.

याने सगळं निस्तरलं असं मात्र नाही. गल्लीतल्या दोन घरांनी हिवाळ्यात दुसरीकडून लाकडं घेतली. काकू माझ्याशी बोलतात, नीरजाशी नाही. गुरुजींचा निरोप कार्तिकात आला, एका उद्यापनासाठी: गठ्ठे तेवढेच, आणि यजमानांना सांगून ठेवलंय, कुणी पाणी लावायचं नाही.

नेमक्या त्याही दिवशी गाड्या अडवलेल्या. नीरजाने नाव ठरवली. मी म्हटलं, मी येते.

"तू? घाबरशील. मागे तीच रास असेल."

"असू दे."

मोहनने गठ्ठे चढवले आणि मला हात देऊन नावेत बसवलं. "माताजी, संभल के," म्हणाला, "लकड़ी चुभती है." मी आंब्याच्या गठ्ठ्यावर बसले, मागे दुसऱ्या व्यापाऱ्याची रास माझ्या डोक्याहून उंच. राजघाटाचा पूल वरून गेला. पाण्याची भीती मला लहानपणापासून वाटते, त्या दिवशीही वाटली. दुर्गाघाटावर नाव लागली तेव्हा पायऱ्यांवर प्रभावतीकाकू कळशी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आधी मागची रास पाहिली, मग मला.

"अगं शरदिनी, तू या नावेत?"

मी पदर खोचला, एक गठ्ठा खांद्यावर घेतला. वाटला होता त्याहून तो बराच हलका होता, पाणीच नव्हतं त्यात.

"हो काकू," मी म्हटलं. "जरा सरका, वर न्यायचाय."