काचेच्या वाटीत मेलेले जंत

जनावरांच्या दवाखान्याला जोडलेल्या प्रयोगशाळेत ती लेंड्या तपासायची. मिठाच्या पाण्यात लेंडी कालवायची, वर तरंगून आलेली जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. घरचे तिला भिंगवाली म्हणत. "लेंड्या मोजून पोट भरणारी आपल्यात ही पहिलीच," असं मेहुणा म्हणायचा, तेव्हा तीही पोट धरून हसायची.

मेहुणा गेला. थोरल्या बहिणीचं घर चौदा दुभत्या शेळ्यांवर चालू लागलं, आणि दुसऱ्याच वर्षी त्या शेळ्यांना रक्त पिणारे जंत लागले. महिन्याभरात पाच गेल्या. उरलेल्यांपैकी बहुतेकींच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक, जबड्याखाली सूज. औषध तीनदा बदललं. जंत त्याला दाद देईनात.

"तुमच्या प्रयोगशाळेत तपासताहेत ते ओव्याचं तेल आण ना," ताई म्हणाली. "तूच सांगितलंस, त्यानं जंत मरतात."

"काचेच्या वाटीत मरतात गं. शेळीचं पोट केवढं! तिथे चार थेंब कुठल्या कुठे जातात. जास्त दिलं तर तोंड भाजतं."

"मग काय करू? एकेकीला पुरत बसू?"

भिंगवालीनं डॉक्टरसाहेबांना विचारलं. "जनावरावर चाचणीच झालेली नाही," ते म्हणाले. "किती द्यायचं कुणालाच माहीत नाही. देऊ नका." तिनं मान हलवली. संध्याकाळी मात्र बाटली तिच्या पिशवीत होती.

खाण्याच्या तेलात मिसळून दोघींनी ते पाजलं. ताई जबडा धरायची, ही नळीनं ओतायची. दुसऱ्या दिवशी सर्वांत अशक्त शेळीच्या, पांढरीच्या, तोंडाला फोड आले. तिनं पाला सोडला. ताई तिच्या ओठांना लोणी लावत बसली.

दहाव्या दिवशी भिंगवालीनं अंडी मोजली. आधी ग्रॅममागे सरासरी बत्तीसशे होती, आता एकोणतीसशे. तिनं पुन्हा मोजली. मग तिसऱ्यांदा.

"कमी झालीत ना?" ताईनं आशेनं विचारलं.

खोटं बोलायला जीभ वळवळली. "ताई, एवढा फरक मोजण्यातच पडतो. तेलाचा काही उपयोग झाला नाही."

ताईनं पांढरीकडे बोट दाखवलं. "मग तिचं तोंड कशाला जाळलंस?"

पांढरी त्याच आठवड्यात गेली. तिच्यामागून आणखी पाच. भिंगवालीनं साहेबांपुढे चोरी कबूल केली. त्यांनी तिला नोकरीवरून काढलं नाही, पण तेलांच्या कपाटाची किल्ली काढून घेतली.

तीन शेळ्या वाचल्या. त्यांच्या पापण्या पहिल्यापासून लाल होत्या, लेंडीत अंडीही मोजकीच. त्यांना ना औषधानं वाचवलं होतं, ना तेलानं; मुळातच त्या चिवट होत्या. "यांचीच पिल्लं वाढव," भिंगवाली म्हणाली.

"तोवर खाऊ काय?" ताईनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ती गोठा धुवायला गेली. पुढच्या सोमवारपासून ती शिवणाच्या कारखान्यात बटणं लावायला जाऊ लागली.

बहिणीशी ती बोलते, पण कामापुरतंच.