गंगा, सीता आणि शरयूताई

शरयूताई ओगले यांची आणि माझी ओळख झाली ती चिवड्यामुळे. मी नुकतीच या देशात आले होते आणि नॉटिंगहॅमच्या लायब्ररीत पुस्तकाआड लपून बकाणे भरत होते. शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "लसणाचा वास येतोय. बाहेर चल, मलाही दे." शाळेत भूगोल शिकवणाऱ्या, पोरं ज्यांना टरकून असत अशा या बाईंची मी पुढे कायमची मदतनीस झाले. आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहिताना ते दिवस फार आठवतात.

इथल्या कितीतरी इंग्रज कुटुंबांचे पूर्वज कंपनीच्या काळात कोकणात जाऊन स्थायिक झाले. निवृत्तीनंतर ताई त्यांचा माग काढून देऊ लागल्या. सोयीचं उत्तर त्या कुणालाच देत नाहीत. एका गृहस्थांना आपले खापरपणजोबा कर्नल असायला हवे होते. ते घोड्यांच्या दाण्यावर देखरेख करत, असं ताईंनी स्पष्ट सांगितलं आणि वर त्यांना जेवू घातलं. माझ्या ऑपरेशननंतर रोज मऊ भात घेऊन येणाऱ्याही त्याच.

लीड्सच्या मार्गारेटबाईंचं काम मात्र अडलं होतं. त्यांचे पूर्वज टॉमस हे कंपनीचे शिपाई, दापोलीत घर करून राहिलेले. एका जुन्या अर्जात कुणी भाऊ लिहितो की, माझी विधवा बहीण गंगा टॉमसच्या घरी नांदते. चर्चच्या नोंदीत मात्र मुलांची आई सीता. दोघींच्या वडिलांचं नाव एकच. म्हणजे टॉमसने एका बहिणीला टाकून दुसरी आणली, असं मार्गारेटबाईंच्या वडिलांनी ठरवलं, आणि त्या लाजेपायी घरात दापोलीचं नाव निघेनासं झालं. मार्गारेटबाई आजारी होत्या. "त्या गंगेचं पुढे काय झालं, एवढं मला जाण्याआधी कळू दे," म्हणाल्या. आम्ही खूप शोधलं. गंगा कुठेच सापडेना.

एका रविवारी ताई माझ्याकडे चहाला आल्या असताना सांगलीहून माझ्या भावाचा फोन आला. स्पीकर चालू होता. "वासंती आहे का?"

"वासंती कोण गं?" ताईंनी नंतर विचारलं.

"मीच. लग्नात नाव बदलून अनघा झाले. माहेरचे अजून वासंतीच म्हणतात."

ताईंनी कप खाली ठेवला. "अगं, तो अर्ज भावाचा आहे!"

गंगेची पहिल्या सासरी सीता झाली असणार. भाऊ तिला गंगाच म्हणणार. ताईंनी लग्न केलेलं नाही, त्यांना सुचलं नाही तर नवल नाही. मला का सुचू नये?

आम्ही दोघी लीड्सला गेलो. "मार्गारेट, हंड्रेड पर्सेंट खात्री नाही, बरं का," असं आधी बजावून ताईंनी सांगितलं, "पण बहुतेक गंगेला कुणी टाकलंच नाही. तीच सीता." मार्गारेटबाई बराच वेळ रडल्या. मग म्हणाल्या, "तिला स्वतःला कोणतं नाव आवडत असेल?"

परतताना ट्रेनमध्ये ताईंनी मलाच विचारलं, "तुला कोणतं आवडतं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. "वासंती," मी म्हणाले. तेव्हापासून ताई मला वासंतीच म्हणतात.

गेल्या वर्षी माझा भाऊ गेला. ताई, तुम्ही शंभरी पार करा, धडधाकट राहा. यात माझा स्वार्थ आहे. वासंती म्हणून हाक मारणारं मला आता तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही.