बुडाशी कोरलेलं नाव

चित्रकलेच्या वर्गात किस्से साठायला वेळ लागत नाही. रंग वाळेपर्यंत, माती सुकेपर्यंत माणसं बोलत बसतात, एवढंच पुरतं. मी ते हसत सांगायला बसतो आणि सांगता सांगता माझं डोकं तापतं. सांभाळून घ्या.

मी देवगाव रंगारीचा. सातवीत शाळा सुटली. मग चिकलठाण्याच्या एका कारखान्यात चिनीमातीचे फ्यूज केले. हजारो! एकावरही माझं नाव नव्हतं. म्हणून गारखेड्याच्या शाळेत मातीकाम शिकवायला लागलो तेव्हा एकच नियम केला. वस्तू ओली असतानाच तिच्या बुडाशी खिळ्यानं आपलं पूर्ण नाव कोरायचं.

* * *

पहिल्याच आठवड्यात हेडसर वर्गात आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "याला सर म्हणायचं नाही. हा मॅट्रिकसुद्धा नाही!"

मी मान खाली घालून माती मळत राहिलो. नववीतली शीला साळवे उठून हेडसरांकडं वळली. तिची आई नव्या कंपन्यांच्या बांधकामावर विटा वाहायची.

"सर, तुम्हाला मडकं करता येतं?"

"नाही. का?"

"मग तुम्हाला काय म्हणायचं?"

* * *

भट्टी गरम असताना उघडायची नसते, हे आमच्या पाचवीच्या पोरांनाही ठाऊक. पण शाळा तपासायला साहेब आले होते.

"उघड!" हेडसर म्हणाले.

"सर, उद्यापर्यंत गार व्हायची नाय."

"साहेबांना उद्यापर्यंत वेळ आहे का?"

त्यांनी स्वतःच भट्टीच्या तोंडावरच्या विटा ओढल्या. गार वारा आत शिरला आणि आतून आवाज यायला लागले. टण! टण! टण! पोरांची महिनाभराची मेहनत तडकत होती. साहेब दोन पावलं मागं सरले.

हेडसरांनी माझ्याकडं बोट दाखवलं, "साहेब, हा मातीच खराब आणतो!"

मी खाली पडलेल्या विटा परत रचत बसलो. त्याचा राग अजून गेलेला नाही.

* * *

एकदा चित्राला विषय दिला, 'आमचं शहर'. सगळ्या वर्गानं मकबरा काढला. एकट्या शीलानं विद्यापीठाची कमान काढली. सुरेख, दगड न् दगड मोजून. फक्त वरची नावाची जागा कोरी ठेवली.

ते विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलेले दिवस होते. हेडसरांनी चित्र पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला.

"नाव का नाही लिहिलं?"

"ठरल्यावर लिहीन, सर."

"ठरलेलंच आहे ते! त्यात काय ठरवायचं?"

"मग माझ्या मामाचं घर कशापायी जाळलं?"

* * *

त्या दिवसापासून हेडसर आमच्या वस्तू उलट्या करून बघायला लागले.

"आडनावं कशाला हवीत? वातावरण तापलंय. फक्त हजेरी नंबर टाका."

"नाय सर," मी म्हणालो. दोनच शब्द.

"काय म्हणालास?"

मागच्या बाकावरून गणपत म्हणाला, "सर, नंबर तर जेलात देतात ना?"

* * *

वार्षिक प्रदर्शनाला शीलाची फुलदाणी सगळ्यात देखणी झाली. निळी झिलई अशी उतरली होती की मीच बघत बसलो. वाळूजच्या एका कंपनीचे मालक पाहुणे होते. त्यांच्या टेबलासाठी हेडसरांनी नेमकी तीच उचलली.

मी ऑफिसात गेलो तर हेडसर कानस घेऊन बसलेले! फुलदाणी उलटी, टेबलभर लाल भुकटी. शीलानं अक्षरं खोल कोरली होती, म्हणून हे घासतच होते. मी फुलदाणीला हात घातला.

"बाहेर हो!" त्यांनी मला ढकललं.

तासाभरानं ती पाण्यानं भरून, फुलं घालून पाहुण्यांसमोर ठेवली. हेडसर माइकवर उभे राहिले, "आमच्या शाळेत कसलाही भेदभाव नाही. सगळी मुलं आम्हाला सारखीच!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात टेबलावरची चादर भिजायला लागली. पाणी पसरत कडेला आलं आणि मालकांच्या पांढऱ्या पँटवर धार लागली. ते ताडकन उठले.

हेडसर माइक सोडून धावले. फुलदाणी उचलली तर बुडातून पाणी गळतंय!

"कुणी केलीय ही? कुणाचीय?"

मालक पँट झटकत होते.

पहिल्या रांगेतून शीला म्हणाली, "बुडाशी वाचा की सर, नाव असंल!"